चौथं कर्ज

१२ फेब्रुवारी

काकांनी आज दुकान मला देऊ केलं. फुकट नाही, विकत. पण कापडवाल्याच्या आधी मला विचारलं, हे महत्त्वाचं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी मागच्या खोलीत एका काचेची कड घासत होते. काका दारात येऊन म्हणाले, "मशीन बंद कर जरा." मला वाटलं, कुणीतरी चष्मा परत आणून आदळलाय. तर म्हणाले, "लेक बोलावतेय तिच्याकडे राहायला. आता माझ्याच्याने जिना होत नाही आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणंही होत नाही. मेअखेर मोकळं व्हायचंय. तू घेतेस का दुकान? नाहीतर शेजारचा कापडवाला टपून बसलाच आहे."

इतकी वर्षं काकांच्या पगारावर या चष्म्याच्या दुकानात काचा घासतेय, फ्रेमचे स्क्रू आवळतेय, आणि आज तेच दुकान माझ्यापुढे आलं. "बँकेत विचारते," असं काहीतरी पुटपुटले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाळ्याला विचार." आईचं सगळ्यावर हेच. बल्ब गेला, बाळ्याला विचार. नळ गळतो, बाळ्याला विचार. माझा धाकटा भाऊ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो म्हणून त्याला जगातलं सगळंच दुरुस्त करता येतं असं तिला वाटतं. खरं तर मलाही वाटतं.

पाय एका जागी ठरत नाहीत. भांडी दोनदा घासली.

१३ फेब्रुवारी

बँकेचं नाव माझ्याच तोंडून निघालं आणि रात्रभर डोळा लागला नाही. का, ते एकदा लिहूनच टाकते.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पैसे हवे होते. बाळ्याने निम्मा खर्च उचलला, एका रात्रीत. माझा निम्मा जमेना, तेव्हा त्यानेच माझ्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. "ताई, आधार कार्डाचा फोटो काढ, तुझा फोटो काढ, झालं." समोरचा चहा निवायच्या आत पैसे खात्यात. परत कधी द्यायचे? पगार झाला की.

पगार झाला आणि सगळा तिकडेच गेला. मग महिना ढकलायला दुसरं ॲप, आणि दुसऱ्याचं फेडायला तिसरं. आगीतून फुफाट्यात. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. मला नव्हे, माझ्या मोबाइलमधल्या सगळ्यांना. शिंपिणीला, आईच्या व्यायामवाल्या बाईंना, शाळेतल्या मैत्रिणीला. दुकानात काकांनाही. "तुमच्याकडची बाई फसवी आहे" म्हणे. काका म्हणाले, "तिच्या हातचा एक चष्मा करून घ्या, म्हणजे कोण फसवं ते नीट दिसेल," आणि फोन ठेवून दिला. मला हे त्यांनी हसत सांगितलं. मी मागे जाऊन मशीन चालू केलं, म्हणजे रडणं बाहेर ऐकू जाऊ नये.

गेल्या वर्षी बांगड्या विकून तिन्ही कर्जं मिटवली आणि कानाला खडा लावला. म्हणजे आता माझी पाटी कोरी. मग घाबरायचं कशाला?

१७ फेब्रुवारी

पाटी कोरी वगैरे काही नाही.

बँकेच्या मॅडमनी नाव-पत्ता घेतला, पडद्यावर बघितलं आणि त्यांचा चेहरा डॉक्टरसारखा झाला. "तुमचा क्रेडिट स्कोअर कधी बघितला होतात?"

"मी सगळी कर्जं फेडलीत."

"फेडलीत ते चांगलंच. पण कशी फेडलीत तेही यात दिसतं. उशीर, दंड, तडजोड. पाचशे सत्तेचाळीस आहे. आम्हाला धंद्याच्या कर्जाला सातशेच्या पुढे लागतो."

मी त्यांच्या चष्म्याकडेच बघत होते. डावी काडी वाकलेली, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि त्या सारखा वर ढकलत होत्या. माझी बोटं शिवशिवत होती. ज्या बाईचा स्वतःचा चष्मा घसरतो तिने माझं काय घसरलंय ते सांगावं!

पण बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, थोडे पैसे आमच्याकडे ठेव म्हणून ठेवा, त्याच्या जोरावर छोटं क्रेडिट कार्ड मिळेल. थोडं वापरा, वेळेवर भरा. आणि तुमच्या कर्जांचा पूर्ण अहवाल काढून एकेक ओळ वाचा. चुकीचं काही असेल तर दुरुस्त होतं.

आमच्या दुकानात नंबर कमी झाला की लोक पेढे वाटायच्या बेतात येतात. माझा नंबर कमी झाला तर मेअखेर कापडवाला आत आणि मी बाहेर.

१८ फेब्रुवारी

बाळ्याला फोन केला. दुकानाचं ऐकून खूश झाला. अहवालाचं ऐकून मात्र म्हणाला, "तो काढू नकोस हां ताई. नुसता काढला तरी आकडा घसरतो."

"असं असतं?"

"असतं ना. गप बसायचं. सहा-आठ महिन्यांत आपोआप चढतो."

त्याला या सगळ्यातलं कळतं. पण काकांना मेअखेर जायचंय. आपोआप चढणाऱ्या गोष्टींना मी कुठून वेळ आणू?

२४ फेब्रुवारी

कार्ड आलं. साबण आणला कार्डावर आणि संध्याकाळी त्याचे पैसे भरून टाकले. उधारीवर साबण आणून पत कमावतेय. आईने विचारलं, "रोख नव्हते का तुझ्याकडे?" तिला काय सांगणार? होते, म्हणूनच उधार आणला.

मोबाइलवर फुकट आकडा दिसतो. सकाळी उठल्यावर बघते. बसमध्ये बघते. आज काच मशीनला लावून मध्येच बघितला आणि अक्ष चुकला. तिरका नंबर असलेल्या माणसाची काच, वाया गेली. काकांनी ती उजेडात धरली. "आज तुझाच नंबर वाढलाय का गं?" पैसे पगारातून कापा म्हटलं तर म्हणाले, "कापेन. आधी तो मोबाइल ड्रॉवरमध्ये टाक."

टाकला. तासाभराने ड्रॉवर उघडून बघितला. पाचशे सत्तेचाळीस.

१ मार्च

पाचशे सत्तेचाळीस.

४ मार्च

राहवेना. काढला अहवाल.

कर्जं चार आहेत.

मी तीन घेतली होती. चौथ्या ॲपचं नावही कधी ऐकलेलं नाही. चाळीस हजार. तारीख आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. आणि ते अजून फिटलेलं नाही! आधी कितीतरी महिने एक पैसाही नाही, मग अधूनमधून थोडे थोडे भरलेले. गेल्या महिन्यातसुद्धा.

म्हणजे कुणीतरी माझ्या नावावर कर्ज काढलं आणि तो चोर वर जमेल तसे हप्तेही भरतोय! असला प्रामाणिक चोर मी जन्मात ऐकला नाही. दवाखान्यात त्या दिवशी माझी कागदपत्रं किती हातांतून गेली असतील. ॲपवाल्यांकडूनच कुठेतरी फुटली असणार.

भीती वाटायला हवी, पण खरं सांगायचं तर जरा आनंदच झाला. हे माझं नाही. हे काढलं की आकडा वर येणार.

५ मार्च

बाळ्याला सांगितलं. "म्हणजे काढलासच तू अहवाल?" एवढंच त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, "अगं, हे ॲपवाले असलेच. तू त्यांच्या मागे लागलीस तर अजून लफडी होतात. माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो मिटवून देतो."

"किती घेईल?"

"ते मी बघतो. तू एक पैसा द्यायचा नाहीस."

डोळ्यांत पाणीच आलं. त्याची स्वतःची कमाई ती काय! आई म्हणते ते खोटं नाही. सख्खा भाऊ तो सख्खा भाऊ.

१० मार्च

ओळखीचा माणूस बाहेरगावी गेलाय म्हणे.

कापडवाला आज दुकानात येऊन भिंतीची लांबी मोजून गेला. पावलांनी. काकांनी त्याला हटकलं नाही.

१४ मार्च

कुणाच्या भरवशावर किती दिवस बसायचं? मी स्वतःच त्या कंपनीच्या कचेरीत गेले. तिसरा मजला, काचेचा दरवाजा, आत एकच माणूस कामाचा आणि बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. गळ्यात टाय, पण सैल केलेला. मी म्हटलं, हे कर्ज माझं नाही.

त्याने सगळं काढून दाखवलं. फोटो माझा. कार्ड माझं. खात्रीचा कोड माझ्याच मोबाइलवर गेलेला आणि लगेच भरलेला.

"पण पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत."

त्याने खात्याचा नंबर ताडून बघितला. "हो, खातं वेगळं आहे. नाव सांगता येणार नाही मला. शाखा सांगतो." बस डेपोजवळची शाखा.

मग म्हणाला, "दोन रस्ते आहेत. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, त्याची प्रत आणा, आम्ही चौकशी लावतो. किंवा ज्याने घेतलं त्याने इथे येऊन लिहून द्यावं आणि पैशाची जबाबदारी घ्यावी. मग तुमच्या नावावरची नोंद आम्ही काढायला पाठवतो. पण असं कोण येतं, मॅडम?"

परत येताना विचार केला, बस डेपोजवळ म्हणजे बाळ्याचंच दुकान. बरंच झालं. त्या भागात असले धंदे कोण करतं ते त्याला माहीत असणार. त्यालाच विचारते.

१६ मार्च

रविवार म्हणून बाळ्या जेवायला आला होता. मी ताटं घेता घेता सांगितलं. तो जेवलाच नाही. दोन घास खाल्ले आणि पोट बरं नाही म्हणाला. "पोलिसांत नको जाऊस गं ताई," एवढंच दोन-तीनदा बोलला. "आईला किती त्रास होईल."

"आईला कशाला त्रास होईल? चोर काय आपल्या घरातला आहे?"

तो मोटारसायकलची किल्ली उचलून गेला. आई माझ्यावर चिडली. जेवताना असले विषय काढतात का, लेकरू अर्धपोटी उठलं. मलाही वाईट वाटलं. माझी काळजी करून करून त्याचं तोंड एवढंसं झालंय.

१९ मार्च

शेजारच्या काकू आल्या होत्या. आईच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालेला, तो मी खिडकीत बसून आवळत होते. आईचं नेहमीचं चालू होतं. "पोरगी काय, सोबत राहते म्हणून करतेच. पण माझ्या बाळ्याने ऑपरेशनच्या आदल्या रात्री चाळीस हजार आणून ठेवले हो पुढ्यात. हूं की चूं नाही केलं."

चाळीस हजार. आदल्या रात्री.

स्क्रू हातातून निसटला. मी खाली वाकून शोधत राहिले. तो कधीच दिसला होता. तरी शोधत राहिले.

२० मार्च

नाही लिहवत.

२२ मार्च

तीन दिवस मनाची समजूत घालत होते, योगायोग असेल. आज सुट्टी टाकून त्याच्या दुकानात गेले. तो कुणाच्यातरी मोबाइलचं पाठीमागचं झाकण उघडून बसला होता. मला बघितलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. मला काही विचारावंच लागलं नाही. आम्ही बाहेर येऊन डेपोच्या भिंतीला टेकून उभे राहिलो.

"महिन्याभरात फेडणार होतो, ताई."

"मी काय विचारलं तुला?"

"आईने सगळ्यांसमोर विचारलं ना, बाळ्या, तुझ्याकडे किती आहेत? माझ्याकडे काही नव्हतं. साठवलेले सगळे एकाबरोबर भागीदारीत टाकलेल्या दुकानात बुडालेले, ते कुणाला सांगितलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, निम्मे देतो. मग माझ्या नावावर ॲप देईना. तू बाकावर झोपली होतीस, मोबाइल माझ्याकडेच होता, फोटो त्यातच होते."

"कोड आला तो तू भरलास."

"हो."

"आणि वसुलीचे फोन?"

"या कर्जाला संपर्काचा नंबर मी माझा दिला होता. तुला त्रास नको म्हणून."

"काय उपकार केलेस!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बसच्या रांगेतली माणसं वळली. मग माझं मलाच थांबवता येईना. म्हटलं, पैशाचं मरो. दोन वर्षं आई उठता बसता तुझी आरती ओवाळतेय आणि मी मान डोलावतेय. माझ्याच कर्जाची फुलं तुझ्या गळ्यात! मी अहवाल काढू नये म्हणून थापा मारल्यास. ओळखीचा माणूस कुठे बाहेरगावी गेलाय तो? बोलाव ना त्याला!

तो खाली बघत होता. तिशी उलटलेला बाप्या, पण लहानपणी काच फोडल्यावर उभा राहायचा तसाच. त्याचा मला आणखी राग आला. असं उभं राहिलं की लहानपणी दर वेळी सुटायचा.

म्हटलं, "दोन तारखेला अकरा वाजता त्या कचेरीत मी जाणार आहे. आलास तर ये आणि तुझ्या हाताने लिहून दे. नाही आलास तर मी तिथून तशीच पोलिस चौकीत जाईन."

"ताई, असं नको ना."

मी बसमध्ये चढले. चुकीच्या. शेवटच्या थांब्यावर उतरून चालत आले.

२६ मार्च

बाळ्याचा मोबाइल बंद. आई दर तासाला लावून बघते. "तू काही बोललीस का त्याला?" म्हटलं, मी काय बोलणार. खोटं बोलायची घरात साथच आलीये.

मी खरंच चौकीत जाईन? कपडे वाळत घालताना जाईन असं वाटतं. आई काठी टेकत खिडकीशी जाते, रस्त्याकडे बघते, तेव्हा नाही वाटत. मग पुन्हा वाटतं.

२८ मार्च

काकांना सगळं सांगून टाकलं. दुकान मिळण्याचं लांबतंय तर का लांबतंय ते त्यांना कळायला हवं. ऐकता ऐकता ते फ्रेमा पुसत होते. शेवटी म्हणाले, "घरच्याच्या चुकीवर पांघरूण घालावं लागतं कधी कधी. घाल. पण स्वतःच्या अंगावरचं काढून घालू नकोस."

मग म्हणाले, "मला थांबता आलं असतं तर थांबलो असतो गं." तेवढ्यावरून मी काय ते समजले.

३१ मार्च

अजून बंद.

बसस्टॉपवर एक माणूस पाठमोरा दिसला, तसाच मान खाली घालून. धावत गेले. दुसराच कुणीतरी.

राग बाजूलाच राहिला. आता नुसतं वाटतं, कुठे असेल.

२ एप्रिल

अकराच्या आधीच पोचले. टायवाल्याने विचारलं, "येणारेत का ते?" मी म्हटलं, येईल. म्हटलं खरं. जिन्यावर पाऊल वाजलं की मी दाराकडे बघायची. पाण्याचा जारवाला आला. पलीकडच्या कचेरीतली मुलगी आली. अकरा वाजून गेले. मी पिशवी खांद्याला लावून उठले. टायवाला म्हणाला, "अजून थोडं थांबा." त्याला काय पडलं होतं, कोण जाणे.

बाळ्या आला तो घामाने निथळत. चालत आला होता. मोटारसायकल विकली. पैसे एका पाकिटात, पाकीट शर्टाच्या आत. टेबलावर ठेवून म्हणाला, "हे आत्ता. उरलेले माझ्या नावावर लावा."

टायवाल्याने कागद पुढे केला आणि काय लिहायचं ते सांगितलं. बाळ्या लिहायला लागला. शाळा सुटल्यापासून त्याने कधी एवढं लिहिलं नसेल. या कर्जाशी माझ्या बहिणीचा काहीही, इथपर्यंत आला आणि थांबला. हळूच म्हणाला, "ताई, संबंध कसा लिहायचा?"

"दोन्हीवर अनुस्वार," मी म्हटलं. "सं-वर पण आणि बं-वर पण."

टायवाला खिडकीबाहेर बघायला लागला.

खाली आल्यावर मी विचारलं, "इतके दिवस कुठे होतास?" म्हणाला, मित्राच्या गोदामात. "काही खाल्लंस का?" हे मात्र मी विचारलं नाही. ओठांवर आलं होतं, पण नाही विचारलं. "आईला फोन कर," म्हटलं आणि निघाले.

३ एप्रिल

आईचा जीव भांड्यात पडला. फोनवर त्याला म्हणाली, किती रे काम करतोस बाळा, स्वतःला जप.

मी उठून बाहेर गेले.

२८ एप्रिल

नोंद निघाली! चौथी ओळ अहवालात नाही. आकडा सहाशे एकतीस. दुकानातल्या सगळ्या आरशांत मी मलाच हसताना दिसत होते.

दुपारी बँकेत. मॅडमनी बघितलं, त्याही हसल्या, पण मान हलवली. "चढतोय. कार्डही तुम्ही छान चालवताय. पण आत्ता वर पाठवलं तर नाकारतील, आणि नाकारल्याचंही तुमच्या नावावर लागेल. मी पाठवत नाही. डिसेंबरात या."

"मेमध्ये दुकान जाईल हो."

"मला कळतंय." चष्मा वर ढकलत म्हणाल्या.

मग माझ्याच्याने राहवेना. पर्समधला छोटा पेचकस काढला, म्हटलं, द्या तो इकडे. काडी सरळ केली, नाकावरच्या गाद्या जवळ घेतल्या. त्यांनी लावून मान खाली घातली, इकडे तिकडे हलवली. घसरला नाही. "किती द्यायचे?" मी म्हटलं, डिसेंबरात बघू.

बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर बसले. घराकडे जाणाऱ्या दोन बस सोडून दिल्या.

३ मे

काकांनी कापडवाल्याला होकार दिला. मला आधी सांगितलं, मग त्याला. मी "चालेल की" म्हटलं आणि मागे जाऊन मशीन चालू केलं. काच न लावताच.

काका मागोमाग आले. "हे मशीन कापडवाल्याच्या काय कामाचं? ते तू घेऊन जा. नंबर तपासायची पेटीही ने. पैसे जमतील तसे दे."

"जमतील तसे नाही. कागद करायचा. दर महिन्याची तारीख घालायची."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर, वेडे."

"असू दे. तरी कागद करायचा."

त्यांनी पावतीपुस्तकातलं एक कोरं पान फाडून पुढे केलं. "बरं बाई. कर कागद."

१७ मे

आमच्याकडे माणसं पाठवणारे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्याच्या वर एक अडगळीची खोली आहे. खिडकी एकच, पण उजेड चांगला. भाडं झेपेल असं वाटतं. झेपेल का? आज पाच वेळा हिशेब केला, तीनदा झेपलं.

आई म्हणाली, "बाळ्याला विचारलंस का?" मी म्हटलं, "नाही. माझं मलाच विचारलं."

३१ मे

काल संध्याकाळपासून आई गप्प होती. मी दुकान आवरून आले तर बाळ्या नुकताच येऊन गेला होता. माझं ताट तिने वाढून झाकून ठेवलेलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून पडलेली. विचारलं तर "पाय दुखतोय" म्हणाली. सकाळीही नजर दिली नाही. मला वाटलं, मी दुकान सोडतेय त्याची धास्ती घेतली.

मशीन न्यायला हातगाडीवाला सांगितला होता. तो दवाखान्याच्या दाराशी मशीन उतरवून, जिना माझ्या कामात नाही म्हणून निघून गेला. मी त्या धुडाकडे बघत उभी राहिले. दोन-चार वेळा मोबाइल काढला, ठेवला. शेवटी बाळ्याला लावला. एवढंच म्हटलं, "मशीन वर चढवायचंय."

तो बसने आला. बाह्या सरसावल्या, खालचं जड टोक धरलं. मी वर, तो खाली. हळू, डावीकडे, कठडा बघ, एवढंच बोलत आम्ही जिन्याच्या वळणापर्यंत आलो. तिथे दम खायला थांबलो तेव्हा खालून म्हणाला, "आईला सांगितलं काल."

"काय?"

"सगळं. चाळीस हजार कुणाचे होते ते."

मशीन आमच्या दोघांच्या हातात. कुणालाच सोडता येत नव्हतं.

"मग काय म्हणाली?"

"काहीच नाही. मी निघालो तेव्हा म्हणाली, दोन वर्षं मी त्या पोरीच्या देखत काय काय बोलले रे." त्याने मशीनचं टोक छातीशी आणखी आवळलं. "मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मला काय वाटलं ते आत्ता लिहितानाही धड सांगता येत नाही. बरं वाटलं, असं म्हणायला लाज वाटते. वाईट वाटलं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. बोटं मात्र बधिर झाली होती.

"उचल," मी म्हटलं. "हात भरून आलेत."

वर आणलं. टेबलावर ठेवलं. त्याने तारा जोडल्या, मी पाण्याची नळी लावली. एक टाकाऊ काच घेऊन चालवून बघितली. मशीनचा आवाज ठीक होता, पण टेबल डगमगत होतं. काचेवर बारीक लाटा आल्या.

बाळ्याने हात पुसले, दाराशी गेला. "ताई, मी जाऊ?"

"थांब," मी म्हटलं. "टेबल हलतंय अजून."

तो परत आला आणि पुठ्ठ्याची घडी करून टेबलाच्या पायाशी खाली बसला.